फुंकणीपासून पंपापर्यंत

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की रनाळ्याच्या शिवारात पऱ्हाट्या उपटायला सुरुवात होते. नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधल्या या भागात पऱ्हाटी म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं सरपण. घरामागे तिची गंजी लागते, जोडीला तुराट्या, गोवऱ्या, बाभळीच्या काटक्या. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी असते, पण तिच्यावर चहा होतो, घाईची भाजी होते. भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणीही चुलीवरच. ओलसर पऱ्हाटी पेट घेत नाही, नुसती धुमसते. मग घरातली बाई फुंकणी उचलते. हातभर लांबीची लोखंडी नळी, एक टोक ओठांशी, दुसरं निखाऱ्यांशी. ती फुंकते, निखारा फुलतो, आणि पुढचा श्वास ती त्याच धुरातून घेते.

अशी चाळीस-पन्नास वर्षं गेल्यावर केव्हातरी तिला पाण्याची कळशी घेऊन ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागतं. ‘दम लागस,’ एवढंच ती अहिराणीत सांगते. घरचे म्हणतात, वय झालं. हिवाळ्यात खोकला वाढतो, कफ हिरवट होतो, रात्री आडवं पडता येत नाही. दवाखान्यात एक सुई, एक बाटली औषध, चार दिवस आराम. पुढच्या थंडीत पुन्हा तेच. या दुखण्याला ‘दमा’ हे घरगुती नाव मिळतं, आणि नाव मिळालं की शोध थांबतो.

पुष्कळदा हा दमा नसतोच. डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात तो हा आजार. श्वासनलिकांना कायमची सूज येते, त्या अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती फाटत जातात. दमा बहुधा लहान किंवा तरुण वयात सुरू होतो, येतो-जातो, दोन झटक्यांच्या मध्ये माणूस ठणठणीत असतो. सीओपीडी चाळिशीनंतर डोकं वर काढतो आणि दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकतो. भारतातल्या आजारांच्या भाराची राज्यवार मोजणी २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १९९० साली या आजाराचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाले. लोकसंख्या वाढली, माणसं जास्त जगू लागली, हे त्यामागचं मोठं कारण. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा रनाळ्यासारख्या गावासाठी जास्त मोलाचा आहे. सीओपीडीमुळे भारतीयांची जी निरोगी वर्षं वाया जातात, त्यांतला निम्म्याहून थोडा जास्त वाटा हवेच्या प्रदूषणाचा, घरातल्या आणि बाहेरच्या धुराचा आहे. तंबाखूचा वाटा साधारण पाव.

पाठ्यपुस्तकातला सीओपीडीचा रुग्ण मात्र अनेक वर्षं एकच होता: सिगारेट ओढणारा, साठीतला, युरोप-अमेरिकेतला पुरुष. हे चित्र बदलण्यात एका मराठी डॉक्टरचा मोठा हात आहे. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेल्या डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्यांचा सीओपीडी हा त्याचा विषय. जगभर जळणाऱ्या लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला त्यांनी या आजाराच्या कारणांमध्ये अगदी पुढची जागा दिली. हा लेख येईपर्यंत ‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं की अनेक डॉक्टर सीओपीडीचा विचारच सोडून देत. चुलीपुढची बाई त्या प्रश्नाच्या जाळ्यातून दरवेळी निसटत होती.

निदानाची तपासणी फुंकण्याचीच आहे, हा योगायोग मोठा बोलका आहे. स्पायरोमीटर नावाच्या यंत्राच्या नळीत रुग्णाने छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून सोडायचा, अगदी फुप्फुस रिकामं होईपर्यंत. इंग्लंडच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली या यंत्राचा पहिला अवतार जगापुढे आणला; तेव्हा पाण्यात तरंगणारी घंटा होती, आता तळहातावर मावणारं उपकरण येतं. निरोगी माणूस एकूण हवेतली सत्तर टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. श्वासनलिका रुंद करणारं औषध देऊन पाव तासाने पुन्हा फुंकायला लावलं आणि तरीही पहिल्या सेकंदाचा वाटा सत्तरच्या खाली राहिला, तर सीओपीडीचं निदान पक्कं होतं. छातीचा एक्स-रे यात फारसा कामाचा नाही. क्षयरोग, न्यूमोनिया, हृदयाची वाढ हे त्यात दिसतं. सुरुवातीचा सीओपीडी दिसत नाही. क्षयरोग तपासायचा असतोच, कारण आपल्याकडे जुना, बरा झालेला क्षयही फुप्फुसात अडथळा ठेवून जातो. पण एक्स-रे ‘साफ’ आला म्हणून फुप्फुस चांगलं, असं समजून घरी परतणं ही या आजारातली नेहमीची चूक आहे.

सरकारी यंत्रणेने चुलीपुढच्या बाईची दखल घ्यायला सुरुवात केली आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा २०२३ साली विस्तार झाला आणि त्यात सीओपीडी व दम्याचा समावेश झाला. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात घरात स्वयंपाकाला कोणतं जळण वापरता, हा प्रश्न आहे. तो प्रश्न घाईत खूण करून पुढे जाण्याचा नाही. ‘गॅस आहे’ हे उत्तर खरं असतं, पण अर्धंच. चूल किती वेळ पेटते, हे विचारल्याशिवाय दुसरं अर्धं कळत नाही.

आता उपचारांकडे. फाटलेल्या पिशव्या पुन्हा शिवल्या जात नाहीत, त्यामुळे आजार मुळापासून बरा करणारं औषध आज जगात कुठेही नाही. तसा दावा करणारी जाहिरात खोटी आहे, मग ती कोणत्याही पॅथीची असो. मात्र ‘बरा होत नाही’ याचा अर्थ ‘करण्यासारखं काही नाही’ असा घेतला जातो, तिथे फार मोठं नुकसान होतं. धाप कमी करणं, झटके टाळणं, आयुष्य वाढवणं हे तिन्ही शक्य आहे, आणि त्यातले सर्वांत परिणामकारक उपाय फार महागही नाहीत.

सगळ्यात पहिला उपचार धूर थांबवण्याचा. विडी ओढणाऱ्याने ती सोडली की गेलेली ताकद परत येत नाही, पण दरवर्षी होणारी घसरण जवळपास निरोगी माणसाच्या वेगावर येते; १९७७ साली फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनच्या नोकरदार पुरुषांवरच्या अभ्यासातून हे दाखवलं आणि पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने त्याला दुजोरा दिला. साठाव्या वर्षी सोडली तरी फायदा होतो. नुसत्या निश्चयावर सोडवत नसेल तर निकोटीनची गोळी-गम आणि इतर औषधं आहेत, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

चुलीचं काय? दक्षिण चीनमधल्या बारा खेड्यांत संशोधकांनी ९९६ लोकांना २००२ ते २०११ अशी नऊ वर्षं पाहिलं. लाकडाऐवजी बायोगॅस आणि धूर बाहेर काढणारी सोय, असे दोन्ही बदल ज्यांच्या घरात झाले, त्यांच्या फुप्फुसाची वर्षाला होणारी घसरण सुमारे १६ मिलीलिटरने कमी राहिली. आकडा चहाच्या तीन चमच्यांएवढा दिसतो. पण वीस वर्षांत तो तिनशे मिलीलिटरच्या पुढे जातो, आणि ज्या बाईची पहिल्या सेकंदाची फुंकर जेमतेम एक लिटरवर आली आहे तिच्यासाठी तिनशे मिलीलिटर म्हणजे घराबाहेर पडता येणं किंवा न येणं. उज्ज्वला योजनेने २०१६पासून शेगड्या घरोघरी पोचवल्या हे खरं, पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी फुकट असते. म्हणून ज्या घरात धापेची रुग्ण आहे त्या घराने निदान एवढं ठरवावं: भाकरीही गॅसवर, पाणी तापवायची चूल अंगणात, आणि ती पेटवण्याचं काम दुसऱ्याचं. चूल आतच ठेवावी लागत असेल तर धुराडं, समोरासमोर दोन खिडक्या, वाळलेलं सरपण. झोपायच्या खोलीतली मच्छर अगरबत्तीही विसरू नये. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असल्याचं २००३ साली मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी तेच काम धुराशिवाय करते.

नंदुरबारात मिरचीचा विषय काढल्याशिवाय खोकल्याची गोष्ट पुरी होत नाही. हंगामात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते आणि बाया ओढणीने नाक-तोंड बांधून देठ खुडत असतात. मिरचीतलं कॅप्सेसिन श्वासनलिकेतल्या ज्या मज्जातंतूंना डिवचतं, त्यांच्यावरचा तिखटाची जळजळ टिपणारा ग्राही (रिसेप्टर) डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधला. त्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. खोकल्याच्या प्रयोगशाळेत तर माणसाला मुद्दाम कॅप्सेसिन हुंगवून खोकला मोजतात. म्हणजे पथारीवरचा ठसका ही शरीराची जिवंत, योग्य प्रतिक्रिया आहे. तिखटाने सीओपीडी होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण ज्याच्या नळ्या आधीच सुजल्या आहेत त्याने पथारीवर किंवा मिरची कुटायच्या डंकावर काम करू नये, आणि कोणत्याही धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्याने ओढणीपेक्षा घट्ट बसणारा मास्क लावावा.

औषधांमधला राजा पंप, म्हणजे इनहेलर, आहे. त्याचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेतल्या रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या लेकीला दमा होता. केसांवरचा फवारा जसा डब्यातून निघतो तसं माझं औषध का निघत नाही, असं तिने १९५५ साली वडिलांना विचारलं. पुढच्याच वर्षी पहिला फवारा-पंप बाजारात आला. त्याआधी काचेच्या फुंकणीतून रबरी फुगा दाबून औषध ओढावं लागे.

तरी आजही गावात पंपाची भीती आहे. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘एकदा लागला की सुटत नाही’. खरं गणित पाहावं. श्वासनलिका रुंद करणाऱ्या साल्ब्युटामॉलची एक गोळी चार मिलीग्रॅमची असते. पंपाचे दोन फवारे मिळून होतात ०.२ मिलीग्रॅम. विसाव्या हिश्शाएवढं औषध, पण थेट जिथे हवं तिथे. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून हृदयात, हातापायांत जाते, म्हणून छाती धडधडते, हात थरथरतात. आणि पंप सुटत नाही तो त्याच्या सवयीमुळे नव्हे, आजार सुटत नाही म्हणून. चष्म्याला कुणी व्यसन म्हणत नाही.

श्वासनलिकेचं एक गुपित इथे सांगायला हवं. नळीतून शांतपणे वाहणारी हवा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर हवा दुप्पट नव्हे, सोळा पट वाहते. फुंकणीत राख साचली की किती जोर लागतो हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिला हे सूत्र वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून नळ्या नुसत्या थोड्या रुंद करणाऱ्या औषधाचाही फरक मोठा जाणवतो. यातली काही औषधं चार-सहा तास टिकतात, ती अडीअडचणीला. काही बारा ते चोवीस तास टिकतात: टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम, फॉर्मोटेरॉल, इंडाकॅटेरॉल. ती रोज, त्रास असो-नसो, घ्यायची. सतत धाप असणाऱ्या किंवा वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाला आता दोन वेगवेगळ्या गटांतली दीर्घकाळ टिकणारी औषधं एकत्र देण्याकडे कल आहे. टायोट्रोपियमवर सुमारे सहा हजार रुग्णांना चार वर्षं पाहिलेला मोठा अभ्यास २००८ साली आला; औषधाने फुप्फुसाची घसरण थांबवली नाही, पण झटके कमी केले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत साल्ब्युटामॉल, टायोट्रोपियम आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही श्वासातून घ्यायची औषधं आहेत, आणि जनौषधी दुकानात जेनेरिक मिळतात का हे जरूर विचारावं.

श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड दम्यात पहिलं औषध आहे, सीओपीडीत तसं नाही. वारंवार झटके येत असतील आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी प्रति मायक्रोलिटर ३००च्या पुढे असतील, तर त्याचा फायदा चांगला होतो. पेशी १००च्या खाली असतील तर फायदा फारसा नाही, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. साध्या रक्ततपासणीत हा आकडा कळतो. तो न पाहता सरसकट स्टिरॉइडचा पंप लिहून देणं आता जुनं झालं आहे. ज्यांना तो दिला आहे त्यांनी दरवेळी नंतर गुळणी करून थुंकावं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

पंप जवळ असणं आणि पंप घेता येणं यांत फार अंतर आहे. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग तोंडात धरून हळू, खोल श्वास घेत असतानाच दाबायचा आणि दहा आकडे श्वास रोखायचा. भुकटीची कॅप्सूल घालून घ्यायच्या साधनाचं उलटं: तिथे श्वास जोरात, झटकन ओढायचा, कारण भुकटी उडवायचं काम रुग्णाच्याच श्वासाने करायचं असतं. दोन्हींची सरमिसळ झाली की औषध घशाला चिकटतं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकणारे रुग्णही डॉक्टरांना भेटतात. चूक त्यांची नसते, दाखवणाऱ्याने हातात देऊन करून घेतलेलं नसतं. हात-श्वासाचा मेळ न जमणाऱ्या वयस्कर माणसाला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा मोठा पोकळ डबा, सर्वांत सोपा. तो परवडत नसेल तरी मार्ग आहे. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दम्याच्या मुलांवर केलेल्या चाचणीत अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला.

वर्षानुवर्षं चालत आलेल्या थिओफायलिनच्या गोळ्यांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये दीड हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत, २०१८ साली, कमी मात्रेतल्या थिओफायलिनने झटके कमी झाले नाहीत. जास्त मात्रा हृदयाच्या ठोक्यांना आणि पोटाला झेपत नाही. स्वस्त असल्यामुळे ती गोळी हाताशी येते, पण पंपाची जागा तिने घेऊ नये.

झटका आला, म्हणजे धाप एकाएकी वाढली, कफ वाढला, त्याचा रंग बदलला, की उपचार थोड्या दिवसांचे आणि नेमके असतात. नळ्या रुंद करणारं औषध वरचेवर, गरज असेल तर पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या, कफ पिवळा-हिरवा असेल तर प्रतिजैविक. पाच दिवसच, कारण २०१३च्या चाचणीत पाच दिवस आणि चौदा दिवस यांच्या परिणामात फरक आढळला नाही. ‘त्या गोळीने बरं वाटतं’ म्हणून महिनोन्‌महिने दुकानातून स्टिरॉइड आणून खाणं घातक आहे. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. झटका फारच मोठा असेल, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जात असेल, तर तोंडाला घट्ट मास्क बांधून हवेचा दाब देणारं यंत्र जीव वाचवतं. १९९५ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत हा मास्क मिळालेल्या रुग्णांपैकी ९ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २९ टक्के. म्हणून गुंगी, निळे ओठ, एका दमात वाक्य पुरं न होणं ही लक्षणं दिसली की गावात सलाईन लावून वाट पाहू नये. थेट नंदुरबारच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं.

ऑक्सिजनशी नंदुरबारचं नातं सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. स्वतः डॉक्टर असलेले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२०च्या सप्टेंबरात, कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना, जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं संयंत्र बसवलं. पुढच्या एप्रिलमध्ये दिल्ली-मुंबई टँकरांसाठी तळमळत होती तेव्हा मिनिटाला २४०० लिटर ऑक्सिजन तयार करण्याची क्षमता या आदिवासीबहुल जिल्ह्यात उभी असल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. त्या संयंत्राचं तत्त्व आणि घरी ठेवायच्या कॉन्सन्ट्रेटरचं तत्त्व एकच. झिओलाइट नावाच्या छिद्रमय खड्यांमधून दाबाखाली हवा सोडतात, ते नायट्रोजन धरून ठेवतात, उरतो तो नव्वद टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन. आपल्या नेहमीच्या हवेत तो २१ टक्के असतो.

घरचा ऑक्सिजन मात्र धापेचं औषध नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. तो रक्तातल्या ऑक्सिजनच्या कायमच्या टंचाईवरचा उपाय आहे. ब्रिटनमध्ये १९८१ साली ८७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. रोज पंधरा तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ पैकी पाच वर्षांत १९ दगावले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. इतका ठळक फायदा या आजारात फार थोड्या उपचारांनी दाखवला आहे. पण तो अशा रुग्णांना झाला ज्यांची बोटावरच्या यंत्रातली पातळी, प्रकृती स्थिर असतानाही, साधारण ८८ टक्के किंवा त्याखाली राहते. त्याहून थोडी बरी पातळी असलेल्या ७३८ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली, २०१६ साली. त्यांना ऑक्सिजनचा फायदा झाला नाही. म्हणजे पातळी ९३ असताना उधारीवर मशीन आणण्याचं कारण नाही. आणि पातळी ८५ असताना ‘रात्री थोडा वेळ लावतो’ म्हणणंही पुरेसं नाही, पंधरा तास म्हणजे पंधरा तास.

जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. टास्मानियात २०१० साली ४०५ रुग्णांवर रुग्णवाहिकेतच चाचणी झाली. भरपूर ऑक्सिजन सोडलेल्यांपैकी ९ टक्के दगावले, मोजून ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवलेल्यांपैकी ४ टक्के. सीओपीडीच्या माणसाच्या मशीनची कळ नातेवाइकाने ‘अजून थोडी’ म्हणत फिरवू नये. आणि खेड्यातल्या घरासाठी सर्वांत निकडीची सूचना: नाकात ऑक्सिजनची नळी असताना चूल, देवाचा दिवा, विडी, काडी काहीही जवळ नको. ऑक्सिजनने भिजलेली नळी आणि लुगडं क्षणात पेट घेतं.

शस्त्रक्रियेचं थोडक्यात. फुप्फुसाचा वरचा फार फुगलेला भाग काढून टाकण्याचा फायदा अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एका छोट्या, नीट निवडलेल्या गटाला झाला. आता दुर्बिणीतून झडप बसवून तोच परिणाम साधता येतो. फुप्फुस प्रत्यारोपण मुंबई-चेन्नईत होतं. अलीकडे, २०२४ साली, सीओपीडीसाठी डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत मान्य झालं, तेही विशिष्ट रक्तचित्र असलेल्यांसाठी. रनाळ्यातल्या रुग्णाला आज यातलं काही लागण्याची शक्यता थोडीच.

तिला लागेल ते आहे चालणं. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसल्याने मांड्या-पिंढऱ्यांचे स्नायू सुकतात, सुकलेले स्नायू त्याच कामाला जास्त ऑक्सिजन मागतात, आणि धाप आणखी लवकर लागते. हे चक्र उलटं फिरवणाऱ्या कार्यक्रमाला फुप्फुस पुनर्वसन म्हणतात: सहा-आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम, श्वासाचं शिक्षण. त्यावरच्या ६५ चाचण्या आणि ३८२२ रुग्ण एकत्र पाहिल्यावर २०१५ साली संशोधकांनी निष्कर्ष काढला की याचा फायदा आता इतका स्पष्ट आहे, की ‘पुनर्वसन हवं की नको’ यावर आणखी चाचण्या नकोत. फिजिओथेरपिस्ट जवळ नसेल तर ओसरीपासून सुरुवात करावी. बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने, रोज, थांबत थांबत. हातात पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन दहादा वर-खाली. भरल्या पोटी छाती आणि पोटामधला पडदा वर दाबला जातो, म्हणून थोडं थोडं चारदा खावं. वजन उतरणं या आजारात वाईट लक्षण आहे. उडदाचं बळ असलेली खानदेशी कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडं ही इथली चांगली औषधं आहेत. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टर सांगतील ती न्यूमोकॉकसची लस हेही उपचारातच मोजावं.

आणि श्वास सोडण्याची ती रीत. नाकाने हळू श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा, आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा, समोर दिवा असेल तर ज्योत हलावी पण विझू नये, इतक्या मऊपणे. ओठांच्या या अडथळ्याने नळ्यांत थोडा दाब राहतो, त्या मिटत नाहीत, अडकलेली हवा बाहेर पडते, पुढच्या श्वासाला जागा होते. कट्ट्यावर बसून, पुढे झुकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून हे केलं की दोन-चार मिनिटांत धाप उतरू लागते. आयुष्यभर फुंकणी धरलेल्या बाईला हे पहिल्या प्रयत्नात जमतं. निखारा फुलवण्यासाठी ओठांनी जे केलं तेच, फक्त आता धुराशिवाय.

घरात चाळिशीपुढचं कुणी चढावर थांबत असेल, खोकला दोन महिन्यांहून जुना असेल, तर ‘दमा आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन फुंकण्याची तपासणी मागून घ्या. तिथे यंत्र नसेल तर जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. आणि पंप आधीपासून चालू असेल तर पुढच्या भेटीला तो पिशवीत घालून न्या, डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा, आणि चुकत असेल ते तिथेच दुरुस्त करून घ्या.